रविवार, २५ जून १९६१

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथवर, पायऱ्या उतरून गेल्यावर, ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ हा क्लब लागतो. मॅक्स गॉर्डनने १९३५ साली तो या तळघरात आणला. सनी रॉलिन्सने १९५७ मध्ये आणि जॉन कोल्ट्रेनने १९६१ मध्ये येथे केलेली ध्वनिमुद्रणे जॅझच्या इतिहासात मानाची ठरली. आम्ही मात्र पुन्हा पुन्हा वळतो ते बिल एव्हन्सच्या त्रयीकडे.

त्या रविवारी ‘रिव्हरसाइड’ कंपनीचे निर्माते ऑरिन कीपन्यूज ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन आले होते. दुपारी दोन आणि रात्री तीन, अशी पाच सत्रे झाली. पियानोवर एव्हन्स, ड्रम्सवर पॉल मोशन आणि बासवर पंचवीस वर्षांचा स्कॉट लाफारो. लाफारोचा बास केवळ ताल धरून मागे राहत नाही. तो पियानोला प्रश्न विचारतो, अडवतो, कधी पुढेही निघून जातो. श्रोत्यांपैकी काही जण मात्र बोलत होते, हसत होते. पेल्यांची किणकिण ध्वनिफितीवर उतरली आहे.

अकरा दिवसांनी, ६ जुलैला, मोटार अपघातात लाफारो गेला. एव्हन्स कित्येक महिने जाहीरपणे वाजवू शकला नाही. ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तबकडीसाठी रचना निवडल्या गेल्या त्या लाफारोचे वादन ठळक व्हावे म्हणून. तिचा आरंभ त्याच्या ‘ग्लोरियाज स्टेप’ने होतो, शेवट त्याच्याच ‘जेड व्हिजन्स’ने. मुखपृष्ठावरही त्याचे नाव वेगळे छापले गेले. उरलेल्या मुद्रणांतून ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ ही दुसरी तबकडी १९६२ मध्ये निघाली.

म्हणजे आम्ही इतकी वर्षे ऐकत आलो ती शोकाने केलेली निवड होती. २००५ साली त्या दिवसाचे समग्र ध्वनिमुद्रण तीन सीडींवर आले, तेव्हा ‘ग्लोरियाज स्टेप’चे पहिले वादनही ऐकायला मिळाले. वीज गेल्याने ते मध्येच क्षणभर तुटते. तेथे श्रद्धांजली नाही. तिघे तरुण आपले रोजचे काम करीत आहेत, एवढेच. पुढचे कोणालाच ठाऊक नाही.

पूर्वी त्या बोलणाऱ्या श्रोत्यांचा आम्हांस राग येई. आता येत नाही. लाफारोच्या वादनाभोवती मृत्यूची छाया आम्ही आणली. त्या किणकिणीने मात्र तो रविवार साधा रविवारच ठेवला आहे.