कामातून उपचार : क्रेगलॉकहार्टची गोष्ट

एप्रिल १९१७. फ्रान्समधल्या आघाडीवर विल्फ्रेड ओवेन या २४ वर्षांच्या ब्रिटिश अधिकाऱ्याजवळ तोफगोळा फुटला आणि तो दूर फेकला गेला. पुढचे काही दिवस त्याने रेल्वेच्या बांधाआड काढले. जवळच एका सहकाऱ्याच्या देहाचे अवशेष पडले होते. ओवेनच्या अंगावर जखम नव्हती, पण अंगाचा थरकाप थांबेना आणि रात्री भयानक स्वप्ने पडू लागली.

अशा विकाराला तेव्हा ‘शेल शॉक’ म्हणत. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा शब्द वापरला होता. स्फोटाच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते, अशी आधी समजूत होती. पण स्फोटाच्या जवळपासही नसलेल्या सैनिकांत तीच लक्षणे दिसू लागली, तेव्हा मूळ मनात शोधावे लागले. पुष्कळ सेनाधिकाऱ्यांच्या मते मात्र तो निव्वळ भित्रेपणा होता.

जूनमध्ये ओवेनला एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात आणले. ही पूर्वीची जलोपचाराची संस्था. १९१६ साली लष्कराने ती अधिकाऱ्यांसाठी ताब्यात घेतली होती. ओवेनचे डॉक्टर आर्थर ब्रॉक यांचा विश्वास औषधापेक्षा कामावर होता. ग्रीक पुराणातला राक्षस अँटिअस जमिनीला टेकलेला असेपर्यंत अजिंक्य असतो. हर्क्युलीस त्याला उचलून धरतो आणि मारतो. ब्रॉक म्हणत, हे रुग्णही असेच जमिनीपासून तुटले आहेत. भोवतालच्या माणसांशी, निसर्गाशी, कामाशी त्यांचे नाते पुन्हा जोडायला हवे. त्यांनी ओवेनला याच कथेवर कविता लिहायला सांगितले!

मग ओवेन रुग्णांच्या ‘हायड्रा’ या नियतकालिकाचा संपादक झाला. (पाठ्यपुस्तकातला हायड्रा आठवला ना? इथे जलोपचाराच्या इंग्रजी नावावरही कोटी आहे.) निसर्ग मंडळात त्याने ‘वनस्पती विचार करतात का?’ या विषयावर भाषण दिले. शिक्षकांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे, टाइनकॅसल शाळेतल्या मुलांना तो इंग्रजी साहित्य शिकवायलाही जात असे.

याच रुग्णालयात डॉ. रिव्हर्स होते. निलगिरीतल्या तोडा जमातीवर १९०६ साली ग्रंथ लिहिणारे मानववंशशास्त्रज्ञ ते हेच. भयंकर आठवणी दाबून टाकल्याने त्रास वाढतो, असे त्यांचे मत होते. युद्धाविरुद्ध जाहीर निवेदन काढणारा कवी सीगफ्रीड सासून त्यांचा रुग्ण. ऑगस्टमध्ये ओवेन त्याला भेटला. त्यानंतर ओवेन स्वप्नांत छळणाऱ्या युद्धावरच लिहू लागला. एका कवितेच्या मसुद्यांवर सासूनच्या हातच्या दुरुस्त्या आजही पाहता येतात.

मग ओवेनला बरे केले ते कवितेने का? तसे ठामपणे म्हणता येणार नाही. तोफांपासून दूर मिळालेली विश्रांती, लोटलेला काळ, समजूतदार डॉक्टर, सासूनची मैत्री, हे सारे एकाच वेळी घडत होते. तुलनेसाठी दुसरा गट कुणी ठेवलाच नव्हता. शिवाय ही सोय अधिकाऱ्यांपुरती होती. लंडनमध्ये वाचा गेलेल्या साध्या सैनिकांच्या घशाला डॉ. लुईस येलँड विजेचे झटके देत होते. एकाच सैन्यातल्या, सारख्याच विकाराच्या माणसांना हुद्द्यानुसार अशी वेगळी वागणूक मिळावी, हे आज वाचतानाही बोचते.

आणखी एक अडचण होती. ब्रॉक काय आणि रिव्हर्स काय, दोघेही लष्करातले डॉक्टर. रुग्णाला पुन्हा लढण्याजोगा करणे हेच त्यांचे नेमून दिलेले काम. आज ओवेन ज्या कवितांमुळे ओळखला जातो, त्यांतल्या बहुतेक त्याने सासूनच्या भेटीनंतरच्या साधारण वर्षभरात लिहिल्या. ऑक्टोबर १९१७ च्या अखेरीस वैद्यकीय मंडळाने त्याला रुग्णालयातून मोकळे केले. काही महिने हलके काम करून १९१८ च्या उन्हाळ्याअखेरीस तो फ्रान्सला परतला. ४ नोव्हेंबरला एक कालवा ओलांडताना तो मारला गेला. श्रूजबरीला त्याच्या आईवडिलांच्या हाती तार पडली ती ११ नोव्हेंबरला. गावात युद्धविरामाच्या घंटा वाजत होत्या.