सुरतेचं जेवण, गावदेवीचं पुस्तक

जॉन ओविंग्टन नावाचा एक इंग्रज पाद्री १६८९ मध्ये सुरतेला आला आणि इंग्रजांच्या वखारीत राहिला. पुढे छापलेल्या प्रवासवर्णनात त्यानं वखारीतल्या पंगतीबद्दल बरंच लिहिलं आहे. तिथं इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदुस्थानी असे तीन प्रकारचे आचारी होते. ज्याच्या जिभेला जे रुचेल ते त्यानं खावं, अशी सोय. पुलाव, कबाब, आंब्याचं लोणचं, आणि बेदाणे-बदाम भरून तुपात दमावर शिजवलेली कोंबडी. खिचडीबद्दलचा त्याचा शेरा मात्र आजच्या कुठल्याही आहारतज्ज्ञाच्या रुग्णानं मारावा तसा आहे: बळ देणारी खरी, पण चवीला बेताची. ज्या दिवशी मांस नाही आणि खिचडी आहे त्या दिवसांना गोरे खलाशी वैतागून ‘बनियन डे’ म्हणत. खापर फुटलं ते इथल्या शाकाहारी वाण्यांच्या नावावर.

ओविंग्टनला कृतीशी कर्तव्य नव्हतं. जेवणाऱ्याला ते नसतंच. आणि सुरतेलाही ती लिहून ठेवायची निकड नव्हती. ‘सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण’ ही म्हण गुजरातीइतकीच मराठीतही चालते. इतका मान मिळालेल्या गावात उंधियुला पापडी कतारगामची घ्यायची हे शिकवायला पुस्तक लागत नाही, शेजारीण पुरते. माझं म्हणणं थोडक्यात असं, की एखाद्या समाजाचं पाकपुस्तक गाव सुटल्यावर निघतं. आजी, आत्या, जाऊ हाकेच्या अंतरावर असेपर्यंत कुणी शाई-कागद घेऊन बसत नाही.

मराठी माणसाचा दाखला घ्यायचा तर तंजावरचा घ्यावा. घाटमाथ्यापासून शेकडो कोस लांब, तमिळ मुलखात मराठ्यांची गादी बसली, आणि त्या दरबाराच्या आश्रयानं सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवाथे यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. नवाथे समर्थ रामदासांच्या परिवारातले. भांडारकर संस्थेच्या प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाचा बराच अभ्यास केला आणि जिलबीचा इतिहास शोधताना त्याचा आधार घेतला. ग्रंथ चाळला तर पहिली गोष्ट ही जाणवते, की कृतीपेक्षा गुणदोषांना जागा जास्त आहे. कुठलं धान्य जड, कुठलं हलकं, कशाबरोबर काय खाऊ नये, पित्त कशानं वाढतं. आज मासिकांतून ‘आरोग्यदायी पाककृती’ असं वेगळं सदर असतं. त्या काळी वेगळं सदर काढावं असं कुणाला वाटलं नसतं, कारण पाकशास्त्र आणि वैद्यक एकाच ओसरीवर बसत. त्याच गादीवर पुढे आलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातलं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ मराठीत आहे आणि त्यात इंग्रजी खाण्यालाही जागा आहे.

छापील मराठी पुस्तकं मात्र माझ्या सिद्धांताला थोडी टांग मारतात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ चं. ते आपल्याच मुलखात, आपल्याच वाचकासाठी लिहिलेलं. लिहिणारा पुरुष आहे, हेही नोंदवायला हवं; स्वयंपाकघराबद्दल आधी पुरुष बोलले. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आलं, तेव्हा चुलीपुढच्या बाईचा आवाज छापखान्यात पोचला. लक्ष्मीबाई पाठारे प्रभू, आणि मासे-मटणाचा त्या ज्ञातीचा शौक पुस्तकात लपत नाही. तरीही ही पुस्तकं एकेका लेखकाची. सगळ्या आळीनं मिळून केलेलं पुस्तक अजून यायचं होतं, आणि त्याच्या एका वाटेवर पुन्हा सुरतच भेटते.

१७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला जहाजं बांधायला आले. त्यांच्या आगेमागे पारशी घरं एकामागून एक दक्षिणेला सरकली. १८३७ च्या मोठ्या आगीनं सुरतेचं कंबरडं मोडलं आणि उरलेसुरले व्यापारीही हलले. मुंबईत आल्यावर पहिली अडचण मापाची. जुन्या हिशेबात मुंबईचा मण २८ रत्तलांचा, सुरतेचा ३७ रत्तलांहून थोडा अधिक. म्हणजे सुरतेच्या आजीनं सांगितलेलं ‘शेरभर’ मुंबईच्या बाजारात घेतलं की पदार्थ पाऊण होणार. आजीच्या हाताची चव कुठं गेली याचं उत्तर बऱ्याचदा एवढं साधं, तराजूतलं असावं असं मला वाटतं.

१८९४ मध्ये मेहेरबाई जमशेदजी वाडिया यांनी गुजरातीत ‘विविध वाणी’ काढलं. दोन जाडजूड भाग, त्यात पारशी घरातलं सगळं आणि वर इंग्रजी पुडिंगं, केक. पारशी घरांत ते पिढ्यान् पिढ्या वापरलं गेलं. खुद्द सुरतेत मात्र पारशी हात पुस्तकाऐवजी भट्टीवर चालत होता. डच वखारीतल्या पावभट्टीचा वारसा दोतीवाला घराण्याकडे आला, ताडीनं फुगवलेला पाव शिळा होऊन वाळला की तो पचायला हलका म्हणून लोक मागून नेत, आणि त्यातूनच सुरती बटासा आला, अशी हकीकत तिथं सांगतात. वाया जाणाऱ्या पावाचं पथ्याचं खाणं झालं. असल्या गोष्टी पाकपुस्तकांत क्वचित येतात, कारण पुस्तकाला ताजा पाव गृहीत असतो.

वर्गणीसारख्या पाककृती गोळा करायच्या, पुस्तक छापायचं आणि पैसा सत्कार्याला द्यायचा, ही रीत अमेरिकेतली. यादवी युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी १८६४ मध्ये फिलाडेल्फियात मोठी जत्रा भरली, त्या निमित्तानं मारिया मॉस यांनी एक पाकपुस्तक विकायला काढलं. या जातीचं ते पहिलं मानतात. पुढे तिथं चर्चच्या महिला मंडळांनी अशा पुस्तकांचा पाऊस पाडला. मुंबईत ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’च्या बायकांनी, ज्यांत पारशी पुष्कळ, १९३५ मध्ये तीच रीत उचलली. ते पुस्तक अजूनही जुन्या घरांत डागाळलेल्या पानांसकट सापडतं.

आणि मग ‘रसचंद्रिका’. गावदेवीच्या सारस्वत महिला समाजानं १९४३ मध्ये मराठीत काढलेलं, अंबाबाई संशी यांच्या हातचं. चित्रापूर सारस्वत हा आकड्यानं छोटा समाज. मूळ घरं उत्तर कानडा जिल्ह्यात, मठ शिरालीला. मुलं शिकली, कारकुनी करायला मुंबईत आली आणि त्यांनी शहरात एकमेकांना धरून राहायची यंत्रणाच उभी केली: १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी बँक, १९११ मध्ये कानडा सारस्वत असोसिएशन, १९१५ मध्ये गावदेवीला सहकारी गृहनिर्माण संस्था, आशियातली पहिली म्हणून ती ओळखली जाते. बायकांचा समाज १९१७ चा. हा क्रम नीट पाहावा. आधी पैसा, मग छप्पर, आणि पुस्तक या सगळ्यानंतर पाव शतकानं. तोवर खालच्या मजल्यावरून वर विचारून काम भागत असावं. पहिली पिढी थकली, दुसरी मुंबईतच जन्मली, तेव्हा विचारायचं कुणाला हा प्रश्न उभा राहिला.

घरात कोंकणी, गावाकडे शाळेत कानडी, आणि पुस्तक मराठीत. याचा राग मानणारे कोंकणीप्रेमी असतील, पण गिरगावच्या बाजारात भाजी मराठीतच घ्यावी लागे. पानोपानी उत्तर कानड्याचं स्वयंपाकघर उतरलं आहे: दाळी तोय, घश्शी, सुक्कें, आंबट, उपकरी. नारळ, लाल मिरची आणि आंबटाचा एक पदार्थ घेऊन फोडणी बदलली की नाव बदलतं. कांद्याची फोडणी असेल तर एक, लसणीची असेल तर दुसरं. बाहेरच्याला हे सगळं एकच वाटतं, आणि पुस्तक खरं तर त्या ‘एकच’ वाटण्याविरुद्धचा दावा आहे.

पण असा दावा मांडताना किंमत मोजावी लागते. तेच साधं वरण प्रत्येक घरात निराळं असतं. कुणी आलं घालतं, कुणाला ते चालत नाही. छापताना एक ठरवावं लागतं, आणि ठरलं की बाकीच्या घरांची रीत आपोआप ‘चूक’ होते. ‘रसचंद्रिका’ लग्नात मुलीला द्यायची पद्धत पडली, म्हणजे सासूच्या आधी पुस्तकाचा शब्द घरात शिरला. समाजाची चव टिकते हे खरं. समाजातल्या घरांची चव टिकते का, याबद्दल मला शंका आहे. निदान प्रत्येक कृतीखाली ‘अमक्या घरी असंही करतात’ एवढी ओळ देणारं पुस्तक मला अधिक प्रामाणिक वाटेल.

पुस्तकाचा दुसरा अर्धा मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. पाककृतींशेजारी त्यात घरगुती औषधं आहेत आणि सणवार आहेत. हे भोजनकुतूहलाचंच कूळ. तांबळी घ्या. ब्राह्मीची पानं किंवा डाळिंबाची साल, थोडं खोबरं आणि ताक, की झाली तांबळी. हे जेवण की औषध, हा प्रश्न कानड्यातल्या बाईला विचारला तर ती तुमच्याकडेच विचित्र नजरेनं पाहील. आणि हे अशा काळात, जेव्हा दुसरीकडे पोषणाचं आधुनिक शास्त्र आकार घेत होतं. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून डॉ. आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये हिंदुस्थानी धान्याभाज्यांच्या पोषणमूल्यांचे तक्ते प्रसिद्ध केले होते: डाळीत प्रथिनं किती, पालेभाजीत चुना आणि लोह किती. १९४३ च्या मेमध्ये तर मुंबईत रेशनिंग लागलं. तांदूळ मोजून मिळू लागल्यावर ‘संतुलित आहार’ हा व्याख्यानाचा विषय राहिला नाही. कुन्नूरचा तक्ता आणि गावदेवीची तांबळी एकमेकांना कधी भेटली नाहीत याची मला हळहळ वाटते. दोघांनाही एकमेकांचा उपयोग झाला असता.

पुढचा टप्पा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. १९५८ पासून देशात दशमान वजनं आली, तोळा-शेर मोडीत निघाले आणि जुनी पुस्तकं रातोरात परकी झाली. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांनी ‘रुचिरा’त वाटी आणि चमचा धरला. तराजूचं भांडणच संपलं. कुठल्याही गावची, कुठल्याही ज्ञातीची नवी नवरी वाटी हातात घेऊन उभी राहू शकत होती. त्या बदल्यात ज्ञातीही मागे पडली. ‘रुचिरा’ सर्व महाराष्ट्राची झाली, कुठल्या आळीची राहिली नाही. ‘रसचंद्रिका’ इंग्रजीत गेली आणि परदेशी निघालेल्या नातींच्या बॅगांत बसली.

आता सुरत पुन्हा. १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे झाली आणि खानदेश सुरतेच्या दाराशी आला. यंत्रमागांनी मग माणसं ओढून घेतली. आज उधना, लिंबायत, पांडेसरा, दिंडोली भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं मोठ्या संख्येनं राहतात, पालिकेच्या मराठी शाळा चालतात, आणि संध्याकाळी गल्लीत अहिराणी ऐकू येते. ज्या गावानं पारशांना मुंबईला पाठवलं, तेच गाव आता दुसऱ्यांची मुंबई झालं आहे. माझा सिद्धांत खरा असेल तर पुस्तकाची वेळ आली आहे, कारण इथंही दुसरी-तिसरी पिढी शहरातच जन्मली.

सामग्री उत्तम आहे. कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळलेल्या पिठाची भाकरी: धान्य आणि कडधान्य एकाच भाकरीत, आयक्रॉइडसाहेबांनी पाठ थोपटली असती. फुणके वाफवलेले, डाळीचे, कढीबरोबर. बिबडे उन्हाळ्यात घालायचे, वर्षभर खायचे. भरीत हिरव्या वांग्यांचंच, आणि ती वांगी जळगावकडूनच यायला हवीत यावर कुणाचं दुमत नाही. शिवाय सुरतेशी सोयरीक आधीच जुळलेली आहे. हिवाळ्यात खानदेशात ज्वारीचा हुरडा भाजतात, सुरतेत त्याच कोवळ्या ज्वारीचा पोंक लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातात. दोन्हीकडे पाणी तापीचं. सुरती उंधियु तेलात न्हालेलं असतं, पण वलसाडच्या वाटेवर मडकं उपडं घालून तेलाशिवाय भाजलेलं उबाडियुं मिळतं, आणि रायगडच्या पोपटीशी त्याचं नातं कुणालाही ओळखता येईल. असं पुस्तक निघालं तर खानदेशी म्हणून सुरती पदार्थ गाळायचा की ठेवायचा, हा पहिला वाद होईल. ठेवावा, असं माझं मत. मेहेरबाईंनी पुडिंग ठेवलंच होतं.

दुसरा वाद तेलाचा. शेवभाजीवर बोटभर तर्री आली नाही तर ती शेवभाजी नव्हे, हे मान्य. पण ही तर्री मागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसासाठी होती, आणि त्याचा मुलगा आता हिशेबनीस म्हणून खुर्चीत बसतो. तेलाचं माप लिहिताना कोणाचं पोट डोळ्यांपुढे धरायचं? ‘आवडीप्रमाणे’ असं लिहून सुटका करून घेणं सोपं आहे. त्यापेक्षा दोन्ही मापं छापावीत आणि कुठलं कोणासाठी ते स्पष्ट लिहावं.

तिसरा वाद मांड्यांचा, आणि तो सर्वांत अवघड. पुरणाचा मांडा खापरावर होतो. उपडं ठेवलेलं मोठं मातीचं खापर, खाली लाकडाचा जाळ, आणि हातावर फिरवून फिरवून ताटाएवढी पातळ केलेली पोळी. दोन खोल्यांच्या घरात गॅसच्या शेगडीवर ते खापर नीट बसत नाही, चूल पेटवावी तर गच्चीवर जायला हवं, आणि गच्ची सोसायटीच्या सेक्रेटरीच्या कुलपात. तेव्हा कृती खापराची लिहायची की उपड्या कढईची? कढईची लिहिली तर शहरातल्या सुनेला निदान करून पाहता येईल. खापराची लिहिली तर अमळनेरची आजी ती वाचून मान डोलावेल, पण तिला ती वाचायची गरज नाही.