तारापूरच्या दाबपात्राचे वय

हिवाळ्यातल्या सकाळी सांगलीच्या किंवा कराडच्या बाजारात गुळाची ढेप फोडताना पाहावी. हातोडीचा एक घाव बसला की ढेपेचे टणक, धारदार कडांचे तुकडे उडतात. तीच ढेप वैशाखात फोडायला गेले तर घाव आत रुततो, ढेप दबते, पण सहजासहजी फुटत नाही. गूळ तोच, बदलले ते फक्त तापमान. अनेक प्रकारच्या पोलादांचेही असेच असते. एका विशिष्ट तापमानाच्या वर ते चिवट असते, वाकते, ताणले जाते. त्याच्या खाली मात्र ते काचेसारखे तडकू शकते. या तापमानाला संक्रमण तापमान म्हणतात.

अणुभट्टीतील पोलादाचे संक्रमण तापमान वर्षानुवर्षे हळूहळू वर सरकत जाते. ते किती सरकले हे ठरवण्यासाठी एक संख्या लागते आणि ही संख्या थेट मोजता येत नाही. तिचा हिशेब करावा लागतो. मग तो हिशेब बरोबर आहे हे कोणी आणि कसे तपासायचे? या प्रश्नाचा इतिहास आपल्या महाराष्ट्रातील तारापूरशी जोडलेला आहे.

पोलादाचा चिवटपणा मोजण्याची युक्ती जुनी आहे. १९०१ मध्ये जॉर्ज शार्पी या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती प्रसिद्ध केली. पोलादाच्या लहान पट्टीला मध्यभागी खाच पाडायची, ती दोन टेकूंवर ठेवायची आणि वरून जड लंबक सोडायचा. पट्टी मोडून लंबक पलीकडे किती उंच गेला, यावरून पट्टीने किती ऊर्जा शोषली हे कळते. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हे यंत्र असते आणि सांगलीशेजारच्या इचलकरंजीत ते तयारही होते. शक्य असेल तर विद्यार्थ्यांना ते जरूर दाखवावे. स्थितिज ऊर्जेचा धडा इतका प्रत्यक्ष क्वचितच शिकवता येतो.

या चाचणीचे महत्त्व जगाला पटले ते दुसऱ्या महायुद्धात. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेले असताना, शांत पाण्यात, मोठा आवाज होऊन मधोमध तडकले. ना वादळ होते, ना शत्रूचा हल्ला. थंडी, जोडकामातले दोष आणि ठिसूळ पोलाद एवढी कारणे पुरेशी ठरली.

त्याच सुमारास, १९४२ मध्ये, युजीन विग्नर या भौतिकशास्त्रज्ञाने एक भाकीत केले होते. अणुभट्टीतील वेगवान न्यूट्रॉन घन पदार्थाच्या अणूंवर आदळून त्यांना जागेवरून उडवून लावतील आणि पदार्थाचे गुणधर्म बदलतील, असे ते भाकीत. पोलादाच्या बाबतीत ते खरे ठरले. स्फटिकरचनेत अशा असंख्य रिकाम्या जागा आणि विस्थापित अणू तयार झाले की पोलाद कठीण होते आणि त्याबरोबर ठिसूळही होते. पोलादात अशुद्धी म्हणून तांबे असेल तर परिणाम आणखी वाढतो, कारण न्यूट्रॉनांच्या माऱ्याने तांब्याचे अणू एकत्र येऊन त्यांचे सूक्ष्म पुंजके बनतात. तांब्याचा हा दोष १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात उघड झाला. तोपर्यंत कित्येक भट्ट्यांची दाबपात्रे ओतून, जोडून तयार झालेली होती.

तारापूरचे पहिले दोन संच याच काळातले. १९६४ मध्ये काम सुरू झाले आणि १९६९ मध्ये भारतातील हे पहिले अणुवीज केंद्र वीज देऊ लागले. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारलेल्या या भट्ट्या ‘उकळत्या पाण्याच्या’ प्रकारच्या आहेत. इंधनाचा गाभा एका प्रचंड पोलादी पात्रात असतो, त्यातच पाणी उकळते आणि वाफ थेट टर्बाइनकडे जाते. भट्टी चालू असताना पात्रातील दाब वातावरणाच्या सुमारे ७० पट आणि तापमान सुमारे २८५ अंश सेल्सियस असते. भट्टीतील पंप, झडपा, नळ बदलता येतात. हे पात्र मात्र व्यवहारात बदलता येत नाही. म्हणून दाबपात्राचे वय तेच भट्टीचे वय, असे म्हणावयास हरकत नाही. भारतातील बहुतेक भट्ट्या जड पाण्याच्या असून त्यांत असे एकच मोठे दाबपात्र नसते. हा प्रश्न आपल्याकडे मुख्यतः तारापूरच्या पहिल्या दोन संचांचा आणि पुढे आलेल्या कुडनकुलमचा आहे.

आता प्रश्न असा, की पात्राचे पोलाद किती ठिसूळ झाले हे कळावे कसे? पात्राचा तुकडा कापून तर काढता येत नाही. यावर तोडगा म्हणून त्याच पोलादाच्या शार्पी पट्ट्या भट्टी सुरू होतानाच पात्राच्या आत ठेवून देतात. काही वर्षांनी त्या बाहेर काढून मोडून पाहतात. तारापूरच्या पट्ट्यांची चाचणी मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात झाली. पट्ट्या स्वतः किरणोत्सारी झालेल्या असल्याने हे काम जाड भिंतीआडच्या बंदिस्त खोल्यांत, यांत्रिक हातांनी करावे लागते.

परंतु पट्टी म्हणजे भिंत नव्हे. पट्ट्या जर गाभ्याच्या अधिक जवळ असतील तर त्यांच्यावर न्यूट्रॉनांचा मारा अधिक होतो, म्हणजे त्या भिंतीच्या आधी ‘म्हाताऱ्या’ होतात. त्यांचे आजचे वय म्हणजे भिंतीचे कोणत्या सालचे वय, हे ठरवायचे तर दोन्ही ठिकाणी दर चौरस सेंटिमीटरवर आजवर किती वेगवान न्यूट्रॉन येऊन गेले हे कळले पाहिजे. थेट मोजता न येणारी संख्या ती हीच. तिला ‘फ्लुअन्स’ म्हणतात. दाबित पाण्याच्या भट्टीच्या भिंतीवर आयुष्याच्या अखेरीस ती एकावर एकोणीस शून्यांच्या घरात जाते. उकळत्या पाण्याच्या भट्टीत गाभा व भिंत यांमधले पाणी अधिक असल्याने ती बरीच कमी असते.

या संख्येचा अंदाज दोन बाजूंनी घेतात. पट्ट्यांसोबत शुद्ध लोखंड, तांबे, निकेल यांच्या तारा ठेवलेल्या असतात. वेगवान न्यूट्रॉनामुळे लोह-५४ चे मँगनीज-५४ बनते आणि तांबे-६३ चे कोबाल्ट-६०. तारेचा किरणोत्सार मोजला की मारा किती झाला याचा अंदाज येतो. यातही एक खोच आहे. मँगनीज-५४ चे अर्धायुष्य ३१२ दिवसांचे, म्हणून त्याला फक्त अलीकडच्या वर्षा-दोन वर्षांची ‘आठवण’ राहते. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांहून थोडे अधिक, त्यामुळे त्याची आठवण लांबची. भट्टी केव्हा किती शक्तीवर चालली याची नोंदवही हाताशी नसेल तर ताराही काही सांगत नाहीत.

दुसरी बाजू गणिताची. गाभ्यातून निघालेला न्यूट्रॉन पाणी, पोलाद, पुन्हा पाणी असा प्रवास करत भिंतीपर्यंत कितपत पोहोचेल, हे संगणकाने काढतात. वाटेत न्यूट्रॉनांची संख्या अनेक पटींनी घटते. त्यामुळे दर सेंटिमीटरला होणारी लहानशी चूकही चक्रवाढ व्याजासारखी वाढत जाते. असे प्रत्यक्षात घडलेही. लोखंडावर आदळून न्यूट्रॉन किती ऊर्जा गमावतात याचे जुने आकडे सदोष होते. त्यामुळे जाड पोलादापलीकडे मोजमापात जितके न्यूट्रॉन सापडत, त्याहून कमी हिशेबात येत. १९९० मध्ये अमेरिकेतील अणुगर्भीय आकड्यांच्या संग्रहाची सहावी आवृत्ती आली आणि या दोषाची मोठ्या प्रमाणावर दुरुस्ती झाली. ही चूक संगणकाची नव्हती, त्याला पुरवलेल्या माहितीची होती. ती सापडली, कारण कोणीतरी हिशेब आणि मोजमाप शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

अशी ताडणी करता आली नाही तर काय होते, याचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील यँकी रो ही भट्टी. १९६० मध्ये सुरू झालेल्या या भट्टीची मालक कंपनी परवाना वाढवून घेण्याच्या तयारीत होती. परंतु दाबपात्राच्या नमुना-पट्ट्या १९६० च्या दशकातच काढून टाकलेल्या होत्या आणि पात्राच्या पोलादाविषयीची माहिती अपुरी होती. पात्र ठिसूळ झाले आहे असे कोणी सिद्ध केले नाही; झालेले नाही हेही कोणाला सिद्ध करता येईना. ऑक्टोबर १९९१ मध्ये भट्टी बंद झाली आणि फेब्रुवारी १९९२ मध्ये ती कायमची बंद ठेवण्याचा निर्णय झाला.

मार्च २००१ मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने हा हिशेब कसा करावा याविषयी मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा साधा आहे. आपली पद्धत आधी अशा प्रयोगावर चालवून दाखवा, जिथे उत्तर मोजमापाने माहीत आहे. त्यातील अनिश्चितता किती ते सांगा आणि दाबपात्राच्या बाबतीत ती २० टक्क्यांच्या आत ठेवा. वीस टक्के म्हणजे किती, हे वर्गात करून पाहण्याजोगे गणित आहे. एखाद्या पात्राला ठरावीक मारा ४० वर्षांत बसेल असा हिशेब आहे आणि खरा मारा २० टक्के अधिक आहे, तर ती मर्यादा ४० भागिले १.२, म्हणजे सुमारे ३३ व्या वर्षीच गाठली जाईल.

आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले, म्हणजे तारापूर सुरू झाल्यावर चौदा वर्षांनी. तारापूरच्या संचांनी तिशी ओलांडल्यावर मंडळाने त्यांचे सर्वंकष पुनरावलोकन केले. त्यात यंत्रणांच्या वार्धक्याचा प्रश्नही होता. मोठ्या सुधारणा होऊन २००६ च्या सुरुवातीस संच पुन्हा चालू झाले. पुढे २०२० मध्ये ते दीर्घ दुरुस्तीसाठी बंद करण्यात आले. दरम्यान २०१२ मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, नियामक मंडळाला कायद्याने स्वतंत्र स्थान नाही, यावर बोट ठेवले. हा केवळ कारभाराचा मुद्दा नव्हे, तो विज्ञानाचाही आहे. हिशेब करणारा आणि तो तपासणारा हे खरोखर वेगळे असतील, तरच तपासणीला अर्थ राहतो.

गणिताच्या तासाला आपण मुलांना सांगतो, ‘नुसते उत्तर नको, रीत लिहा. ताळा करून पाहा.’ उत्तर बरोबर आले तरी रीत नसेल तर आपण गुण कापतो आणि मुले कुरकुरतात. त्यांना तारापूरच्या पात्राची गोष्ट सांगावी. जिथे उत्तरपत्रिकेच्या शेवटी उत्तर छापलेले नसते, तिथे रीत आणि ताळा एवढाच आधार असतो.