नव्याण्णव टक्के चांगला विक्रेता

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युली' काढून टाकलेत, बाकी बरंचसं तसंच आहे.

रिक्षा बोलावताना आपण ड्रायव्हरचे स्टार बघतो, जेवण मागवताना हॉटेलचे बघतो. या सगळ्या स्टारांचा पणजोबा म्हणजे ईबेचा फीडबॅक. न पाहिलेल्या, न भेटलेल्या विक्रेत्याला पैसे पाठवावेत की नाही, हा प्रश्न इंटरनेटवर एवढ्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा तिथे पडला. त्यावर काढलेलं उत्तर जगभर पसरलं, आणि त्या उत्तराला कुठे कुठे भोकं पडली याचा इतिहास आज सांगायचाय.

सप्टेंबर १९९५, कॅलिफोर्नियातलं सॅन होजे. पिएर ओमिड्यार नावाचा एक सॉफ्टवेअर इंजिनिअर लेबर डेच्या जोडून आलेल्या सुट्टीत घरी बसून एक लिलावाची साइट लिहितो. नाव ऑक्शनवेब. वय २८. (त्या वयात आपण लाँग वीकेंडला लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये असतो, असो.) तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून सांगितला जातो तो त्याचाच मोडका लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. हा मोडका आहे हे कळलंय ना, असं त्याने घेणाऱ्याला विचारलं, तर उत्तर आलं की मी मोडकेच जमवतो. ही गोष्ट खरी. पण कंपनीने पुढे पत्रकारांना वेगळीच गोष्ट सांगितली, की होणाऱ्या बायकोला पेझ गोळ्यांच्या डब्या जमवायचा नाद होता, तिच्यासाठी त्याने साइट काढली. ती १९९७ मध्ये प्रसिद्धीसाठी रचलेली होती, आणि २००२ मध्ये एका पुस्तकातून बाहेर आली. विश्वासावर चालणाऱ्या कंपनीची जन्मकथाच बनावट निघावी, याची मला अजूनही मजा वाटते.

साइट वाढली तशा तक्रारी ओमिड्यारच्या ईमेलवर यायला लागल्या. याने पैसे पाठवले नाहीत, त्याने माल पाठवला नाही. एकटा माणूस किती भांडणं सोडवणार? फेब्रुवारी १९९६ मध्ये त्याने सगळ्यांना उद्देशून एक पत्र लिहून 'फीडबॅक फोरम' सुरू केला. त्याचं म्हणणं साधारण असं, की बहुतेक माणसं सरळ असतात, थोडी नसतात, तेव्हा बरा अनुभव आला तर उघडपणे सांगा आणि वाईट आला तरी उघडपणेच सांगा. चांगल्याला अधिक एक, वाईटाला उणे एक, मधल्याला शून्य. बेरीज उणे चारवर गेली की खातं बंद.

इंजिनिअर म्हणून मला हे डिझाइन फार आवडतं. पोलिस नाही, कोर्ट नाही, एक पूर्णांक आणि त्याच्या शेजारी चार शब्दांची कमेंट.

हे लागत होतं कशासाठी, ते अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफने १९७० मध्येच लिहून ठेवलं होतं. जुन्या गाडीत काय बिघाड आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो, मग चांगली गाडीवाले बाजारात येतच नाहीत आणि उरतात फक्त भंगार गाड्या. २००१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता तो याच कामासाठी. फीडबॅकचा आकडा ही त्या रोगावरची गोळी. गोळी लागू पडते, हेही तपासलं गेलं. पॉल रेस्निक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जुनी पोस्टकार्डं विकायला काढली. काही एका जुन्या, भरपूर फीडबॅक असलेल्या खात्यावरून, आणि तसलीच पोस्टकार्डं कोऱ्या नव्या खात्यांवरून. विकणारा माणूस एकच. जुन्या खात्याला घेणारे ८.१ टक्के जास्त द्यायला तयार होते. म्हणजे नावाला रोख किंमत होती.

आणि ज्याला रोख किंमत असते, त्याची नक्कल होते.

रेस्निक आणि रिचर्ड झेकहाउजर यांनी १९९९ सालचे ईबेवरचे हजारो व्यवहार तपासले. जेमतेम निम्म्या खरेदीदारांनी फीडबॅक दिला होता, आणि दिलेल्यातला ९९.१ टक्के चांगला होता. वाईट फक्त ०.६ टक्के. आता तुम्हीच सांगा, कुठल्या बाजारात शंभरातले नव्याण्णव जण खूश असतात? आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये चहाबद्दलसुद्धा एवढं एकमत होत नाही.

कारण सोपं होतं. फीडबॅक दोन्ही बाजूंनी चालायचा. मी विक्रेत्याला उणे दिला तर तोही मला उणे देणार. बरेच विक्रेते तर खरेदीदार आधी काय लिहितो याची वाट बघत थांबायचे. मग घेणारा विचार करायचा, दहा डॉलरच्या कपबशीसाठी कशाला आपलं खातं खराब करा? अळीमिळी गुपचिळी. जे लिहिलं जायचं ते गोड, आणि जे कडू होतं ते लिहिलंच जात नव्हतं.

काहींनी तर फीडबॅकच विकायला काढला. जेनिफर ब्राउन आणि जॉन मॉर्गन यांनी २००६ मध्ये हा बाजार दाखवून दिला. एक सेंटला एखादं ई-बुक किंवा वॉलपेपर विकायचं. वस्तूला अर्थ नाही, घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही अधिक एक मिळावा एवढाच हेतू. अशी शंभर 'विक्री' करून स्वच्छ झालेलं खातं मग खरोखर महाग काहीतरी विकायला मोकळं.

पण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेली केस २००० सालच्या मे महिन्यातली आहे. कॅलिफोर्नियातल्या एका विक्रेत्याने एक अमूर्त चित्र २५ सेंटपासून लिलावाला लावलं. वर्णन असं की गॅरेज सेलमध्ये घेतलं होतं, बायको घरात लावू देत नाही, पोराने खेळण्यातल्या गाडीने त्याला भोक पाडलंय. चित्रकाराचं नाव कुठेही नाही. फोटोत मात्र कोपऱ्यात 'आरडी ५२' ही अक्षरं दिसत होती. जाणकारांचे डोळे चमकले. रिचर्ड डीबेनकॉर्न! या येड्याला कळलेलंच नाही आपल्याकडे काय आहे! बोली चढत चढत १,३५,८०५ डॉलरला गेली.

विक्रेता केनेथ वॉल्टन हा वकील होता. घरात बायकोही नव्हती आणि पोरगंही नव्हतं. तो आणि त्याचे साथीदार वेगवेगळ्या खात्यांवरून एकमेकांच्या लिलावात बोली चढवायचे, एकमेकांना छान छान फीडबॅकही द्यायचे. ईबेने विक्री रद्द केली, एफबीआय आली, पुढे त्याने गुन्हा कबूल केला. २००६ मध्ये त्याने स्वतःच या सगळ्यावर पुस्तक लिहिलं. वकिली गेल्यावर तो काय झाला माहितीये? सॉफ्टवेअर डेव्हलपर. आपल्या जमातीत स्वागत आहे, आणखी काय बोलणार.

या केसमध्ये गंमत अशी की त्याने 'हे डीबेनकॉर्नचं आहे' असं एकदाही म्हटलं नाही. घेणाऱ्यांनी विश्वास ठेवला तो त्याच्या प्रामाणिकपणावर नाही, त्याच्या अडाणीपणावर. आपण याच्यापेक्षा हुशार आहोत, ही भावनाच त्याने विकली. 'आजोबांच्या कपाटात सापडलं, मला यातलं काही कळत नाही' असं वर्णन दिसलं की मी आजही दोन मिनिटं थांबतो. त्याच खात्यावर दर आठवड्याला नवीन आजोबांचं कपाट उघडत असेल, तर मग बघायलाच नको.

ईबेने दुरुस्त्या केल्या. २००७ मध्ये विक्रेत्याला चार बाबींवर वेगवेगळे, निनावी स्टार द्यायची सोय आली. वस्तू वर्णनाप्रमाणे होती का, बोलणं कसं होतं, पार्सल किती दिवसांत निघालं, पाठवणीचा खर्च वाजवी होता का. मे २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराला वाईट फीडबॅक देताच येईना. विक्रेते चिडले. त्या फेब्रुवारीतच फीवाढ आणि हा बदल यांवरून त्यांनी बहिष्काराची हाक दिली होती. त्यांचं दुःखही खोटं नव्हतं, कारण आता पैसे बुडवणाऱ्या किंवा धमकावणाऱ्या गिऱ्हाइकाविरुद्ध त्यांच्या हातात काही उरलं नाही. पण नियम टिकला.

एवढं करूनही आकडे फुगलेलेच राहिले. स्टीव्ह टॅडेलिस हा अर्थशास्त्रज्ञ काही काळ ईबेतच काम करत होता. त्याने आणि ख्रिस नोस्कोने पाहिलं, तर निदान निम्म्या विक्रेत्यांचा स्कोअर चक्क १०० टक्के. मग त्यांनी एक साधी युक्ती केली. चांगल्या फीडबॅकला एकूण फीडबॅकने भागण्याऐवजी एकूण व्यवहारांनी भागलं. म्हणजे गप्प बसलेल्यांनाही मोजलं. विक्रेत्यांमधला खरा फरक तिथे दिसायला लागला. वाईट अनुभव आलेला माणूस भांडत नाही, तो नुसता परत येत नाही.

आपल्याकडे हे सगळं मुंबईतून आलं. बाझी डॉट कॉम ही लिलावाची साइट २००० च्या सुमारास तिथे सुरू झाली, २००४ मध्ये ईबेने ती सुमारे ५ कोटी डॉलरला घेतली. इथे नुसत्या आकड्यावर लोक पैसे सोडायला तयार नव्हते, म्हणून 'पैसापे' चाललं, म्हणजे पैसे आधी मध्यस्थाकडे जायचे. चीनमध्ये ताओबाओने २००३ मध्ये अलीपे आणलं ते याच कारणाने. ईबे इंडिया ऑगस्ट २०१८ मध्ये बंद पडलं, पण इथले विक्रेते ईबेच्या जागतिक साइटवरून बाहेर माल विकत राहिले. आणि त्यांच्यामुळे जगभरच्या घड्याळवेड्यांच्या बोलीत एक शब्द रूढ झाला, 'मुंबई स्पेशल'.

हा प्रकार काय आहे? जुनं सेको ५, एचएमटी किंवा फाव्र-ल्युबा घ्यायचं. डायल धुवून नव्याने रंगवायची, वर कंपनीचं नाव छापायचं, काटे एका घड्याळाचे, केस दुसऱ्याची, मशीन तिसऱ्याचं. दिसायला झकास, भावाने अगदी स्वस्त. आमचा एक ऐकणारा असंच एक भगव्या डायलचं सेको घ्यायला निघाला होता, विक्रेता ९९ टक्क्यांच्या वर. 'मग विश्वासाचा आहे ना?' असा त्याचा मेसेज.

माझं उत्तर त्याला विचित्र वाटलं असेल, की तो ९९ टक्के बहुधा खरा आहे. पार्सल वेळेवर जातं, घड्याळ चालतं, घेणारा खूश होतो आणि अधिक एक देतो. त्या आकड्याने जे मोजायचं ते मोजलंय. डायल कारखान्यातली आहे का, हे बहुतेक घेणाऱ्यांना जन्मभर कळत नाही, मग त्याबद्दल वाईट फीडबॅक देणार कोण? आणि मी त्या कारागिरांना सरसकट चोरही म्हणणार नाही. चाळीस वर्षांचं बंद पडलेलं मशीन चालू करणं ही कला आहे. 'डायल पुन्हा रंगवलेली आहे' असं स्पष्ट लिहून विकणारे आहेतच, त्यांच्याकडून खुशाल घ्या. लपवून 'ओरिजिनल' लिहिलं की तिथे फसवणूक सुरू होते.

म्हणून मी विक्रेता कसा बघतो, तर टक्केवारी सोडून थेट वाईट आणि मधल्या कमेंट्स उघडतो. विशेषतः त्यांना विक्रेत्याने दिलेली उत्तरं. चूक मान्य करून पैसे परत केलेत, की गिऱ्हाइकालाच खोटं पाडलंय? मग जुना फीडबॅक कशाचा आहे ते बघतो. दोनशे मोबाइल कव्हरं विकणारा अचानक कॅमेरे विकायला लागला असेल, तर त्या दोनशेचा मला उपयोग नाही. मग त्याचा बाकीचा माल. एकच मॉडेल लाल, हिरव्या, भगव्या, निळ्या डायलमध्ये रांगेत लावलेलं असेल, तर रंगकाम कुठे झालंय हे सांगायची गरज नाही. आणि 'साइटबाहेर पैसे पाठवा, स्वस्तात देतो' असं म्हणाला की विषय संपला, कारण पैसे परत मिळायची जी काही सोय आहे ती साइटच्या आतच आहे.

घड्याळाच्या बाबतीत आणखी एक. सेकोच्या मागच्या झाकणावर ७००९ आणि पुढे आणखी काही, असा नंबर असतो. पहिले चार आकडे मशीनचे. डायलच्या खालच्या कडेलाही बारीक अक्षरांत एक कोड छापलेला असतो आणि त्यात हेच चार आकडे असायला हवेत. त्या ऐकणाऱ्याला सांगितलं, विक्रेत्याला एवढंच लिही, की झाकणाचा आणि डायलच्या खालच्या कडेचा जवळून फोटो पाठवा. दोन दिवसांनी उत्तर आलं. फोटो नव्हता, दहा टक्के सूट होती.