भारत इतिहास संशोधक मंडळ

महाराष्ट्राच्या, विशेषतः मराठेशाहीच्या, इतिहासाची अस्सल साधने जमविणे, ती जतन करणे, तपासणे व प्रसिद्ध करणे यांसाठी पुणे येथे स्थापन झालेली संस्था. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) व सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी तिची स्थापना केली. नावात ‘भारत’ असले, तरी मंडळाचे बहुतेक कार्य मराठी मुलखातील गावे, घराणी व दप्तरे यांच्याभोवती झाले आहे.

मंडळापूर्वी साधनांचे संकलन व्यक्तींच्या हौसेवर चालले होते. काव्येतिहास-संग्रह हे मासिक १८७८ मध्ये निघाले. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे, साताऱ्यास द. ब. पारसनीस व ठिकठिकाणी पायपीट करणारे स्वतः राजवाडे यांनी हजारो पत्रे उजेडात आणली. राजवाड्यांच्या मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. परंतु एकट्याने केलेल्या संग्रहाचे भवितव्य संग्राहकाच्या आयुष्याशी बांधलेले असते. त्याच्या पश्चात कागद कोठे जातील, याची शाश्वती नसे. पुण्यातील पेशवे दप्तर सरकारच्या ताब्यात होते आणि अभ्यासकांना तेथे सहजासहजी प्रवेश मिळत नसे. त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ खंडांत प्रसिद्ध होण्यास १९३०–३४ हा काळ उजाडावा लागला.

खाजगी दप्तरांची अडचण वेगळी होती. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, इनामदार इ. घराण्यांत रुमालांत बांधलेले कागद पिढ्यान्‌पिढ्या पडून होते. पण ते केवळ जुने कागद नव्हते, तर वतनाचे पुरावे होते. १८५२ नंतर इनाम कमिशनने केलेल्या चौकशीची धास्ती अनेक घराण्यांच्या मनातून गेली नव्हती. परक्या माणसास रुमाल सोडून दाखविणे म्हणजे वतनावर संकट ओढवून घेणे, अशी समजूत असे. ज्यांना कागदांचे मोल वाटत नव्हते, त्यांच्या घरी वाळवी, पावसाळा आणि रद्दीवाला यांनी आपापले काम केले. तेव्हा संशोधकापुढील पहिला प्रश्न वाचनाचा नव्हे, तर विश्वास संपादन करण्याचा होता आणि तो एकट्या माणसापेक्षा संस्थेला अधिक सुकर होता.

मंडळाच्या पाक्षिक सभांना या दृष्टीने मोठे महत्त्व आहे. येथे सभासदाने मोठा प्रबंधच वाचावा, अशी अपेक्षा नसे. एखादे निवाडपत्र, मंदिराच्या पायरीवरील शिलालेखाचा ठसा, नाणे, वंशावळ किंवा गावात चालत आलेली दंतकथा, जे हाती लागले असेल ते मांडावे व उपस्थितांनी त्याची छाननी करावी, असा प्रघात होता. वकील, शिक्षक, कारकून अशा, इतिहास हा पोटाचा व्यवसाय नसलेल्या मंडळींचा या कामात मोठा वाटा होता. ही टिपणे वार्षिक इतिवृत्ते व संमेलनवृत्ते यांतून आणि १९२० पासून त्रैमासिकातून प्रसिद्ध होत गेली. आरंभीची इतिवृत्ते आज चाळताना काही टिपणे अगदी किरकोळ वाटतात. मात्र कोणते किरकोळ ठरेल आणि कोणते नाही, हे त्या वेळी सांगणे कठीण होते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे जेधे शकावली. भोरनजीकच्या कारी येथील जेधे देशमुख घराण्याकडून ही शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली व त्यांनी ती मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. शके १५४० ते १६१९ (१६१८–९७) या काळातील घटनांच्या तिथिवार नोंदी असे तिचे स्वरूप आहे. वर्णन नाही, अलंकार नाहीत. तीत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार असा दिला आहे. तोपर्यंत बखरींच्या आधारे शके १५४९ मधील वैशाख, म्हणजे १६२७ चा एप्रिल, हा जन्मकाळ सर्वत्र धरला जात होता. जवळजवळ तीन वर्षांचा फरक पडल्यामुळे महाराजांच्या बालपणाचा व आरंभीच्या हालचालींचा सर्वच कालक्रम पुन्हा तपासणे भाग पडले.

नव्या तिथीला विरोध झाला व तो स्वाभाविक होता; एका घराण्याच्या टिपणावर इतके मोठे विधान कसे उभारावे? त्याचे उत्तर गणिताने व अन्य साधनांनी दिले. शकावलीतील नोंदीत तिथीबरोबर वार व नक्षत्रही आहे. मागे गणित करून हे तिन्ही जुळतात की नाही, हे पाहता येते व येथे ते जुळतात. ही तिथी जूलियन पंचांगाप्रमाणे १९ फेब्रुवारी १६३० आणि ग्रेगरियन पंचांगाप्रमाणे १ मार्च १६३० येते. स. म. दिवेकर यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यात हीच तिथी आढळली; राजस्थानात सापडलेल्या एका जुन्या कुंडलीनेही तिला दुजोरा मिळाला. द. वि. आपटे यांच्यासारख्या कालगणनातज्ञांनी या वादात घेतलेले परिश्रम मोलाचे आहेत. मंडळाने १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिवचरित्रप्रदीप या आपटे व दिवेकर यांच्या ग्रंथात या चर्चेचे फलित पाहावयास मिळते. शासकीय मान्यतेस मात्र एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत थांबावे लागले.

सर्वच घरगुती कागद इतके निर्मळ नसतात. वतनाच्या तंट्यांत पूर्वजांना नसलेली सनद देणारे, जुन्या राजाच्या नावाने नवा शिक्का उठविणारे लोक शिवकालातही होते. करीना किंवा हकीकत ही बहुधा वादीप्रतिवादींपैकी एकाची बाजू असते. कागद, शाई, अक्षरवळण, मायने, शिक्के व मिती यांची तपासणी केल्यावाचून कागदावर विसंबू नये, ही शिस्त मंडळाच्या सभांतून रुजली. तरीही घराण्याच्या अभिमानापोटी होणारे आग्रह तेथे उमटलेच नाहीत, असे म्हणता येणार नाही. शिवाय संग्रह प्रामुख्याने वतनदारांच्या दप्तरांतून झाल्यामुळे ज्यांच्या घरी लेखनच नव्हते, अशा कुणब्यांचा, कारागिरांचा व स्त्रियांचा इतिहास त्यात तुटकपणेच येतो.

राजवाडे व मंडळ यांच्यात पुढे अंतर पडले. धुळे येथे राजवाड्यांचे निधन झाल्यानंतर १९२७ मध्ये तेथे त्यांच्या नावाने स्वतंत्र संशोधन मंडळ निघाले. पुण्यातील मंडळाची धुरा दीर्घकाळ वाहिली ती दत्तो वामन पोतदार (१८९०–१९७९) यांनी. ग. ह. खरे (१९०१–८५) यांनी फार्सी कागदपत्रे, शिलालेख, मूर्ती व नाणी यांकडे लक्ष वळवून मंडळाच्या कार्याचा पल्ला वाढविला. मराठी साधनांना फार्सी साधनांची जोड दिल्याशिवाय मराठ्यांचा इतिहास एकांगी राहील, हे ओळखणाऱ्यांत खरे अग्रणी होते. शिवचरित्रसाहित्य, ऐतिहासिक संकीर्ण साहित्य व ऐतिहासिक फार्सी साहित्य या माला अभ्यासकांना आजही लागतात.

सदाशिव पेठेतील मंडळाच्या वास्तूत लक्षावधी मोडी कागद व हजारो हस्तलिखिते आहेत. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापासून शालेय शिक्षणातून मागे पडली. पूर्वी गावचा कुलकर्णी जे सहज वाचीत असे, ते वाचण्यासाठी आता वेगळे शिक्षण घ्यावे लागते. म्हणून मंडळाने मोडीचे वर्ग चालविले. साठ्यातील पुष्कळ रुमाल अद्याप पूर्णपणे वाचले गेलेले नाहीत.