हिप्पोकॅम्पस (स्थळस्मृती व प्रसंगस्मृती)

कानशिलांच्या आत, मेंदूच्या दोन्ही बाजूंना खोलवर असलेली वळणदार जोडरचना. इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञ जूलिओ चेझारे अरांझी यांना ती समुद्रघोड्यासारखी दिसली. १५८७ पासून तेच नाव चालत आले. जागा कुठली आणि तिथे काय घडले, या दोन्हींची गाठ येथे पडते.

प्रसंगस्मृतीशी तिचा संबंध लक्षात आला तो एका रुग्णामुळे. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन यांच्या दोन्ही हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढण्यात आला. झटके कमी झाले, पण त्यानंतर नवा प्रसंग लक्षात राहीना. आरशात पाहून आकृती गिरवण्यात सरावाने त्यांचा हात बसला. सराव केल्याचे मात्र आठवत नसे.

१९७१ मध्ये मेंदूसंशोधक जॉन ओकीफ व जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये स्थळपेशी सापडल्या. उंदीर ठरावीक जागी आला की ठरावीक पेशी जागी होते. बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीत उतरलेल्या प्रवाशाच्या डोक्यात बसस्थानकापाशी पेशींचा एक मेळ जमेल, रेणुकामातेच्या मंदिरापाशी दुसरा. गाव बदलले की त्याच पेशी नव्याने जुळणी करतात. एक पेशी म्हणजे एक चौक, हा हिशेब त्यामुळे चुकीचा. शेजारच्या भागात अंतर मोजणाऱ्या जालपेशी २००५ मध्ये आढळल्या. या दोन्ही शोधांसाठी ओकीफ, माय-ब्रिट मोझर व एडवर्ड मोझर यांना २०१४ चे नोबेल मिळाले.

जागांच्या या नकाशात वस्तू कशा येतात? सचिन देशमुख व जेम्स निरिम यांनी २०११ मध्ये त्याच शेजारच्या भागाच्या बाहेरील पट्ट्यात वस्तूंजवळ, आणि वस्तू उचलल्यावर तिच्या जुन्या जागीही, सक्रिय होणाऱ्या पेशी दाखवल्या. शंतनू जाधव व सहकाऱ्यांचा २०१२ चा प्रयोग अधिक बोलका आहे. उंदीर क्षणभर थांबला की हिप्पोकॅम्पसमध्ये वेगवान लहरी उठतात व चाललेली वाट पुन्हा उमटते. या लहरी मोडल्यावर, मागच्या खेपेला कोणीकडे वळलो हे ध्यानात ठेवून उलट बाजूला वळणे उंदरांना नीट शिकता येईना. बाजूच्या वाटेवरून मधल्या वाटेवर परतणे मात्र जमत राहिले. चिखलीत बुलढाणा, खामगाव, मेहकर आणि देऊळगाव राजाचे रस्ते फुटतात. कुठून आलो हेच निसटले, तर पाट्या वाचूनही पाऊल अडते.

अल्झायमरमध्ये हा भाग लवकर झिजतो. घरातले वडीलधारे रोजच्या रस्त्यावर चुकू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे.