बीबी आणि लेडी

आमच्या सुकापुरातून नेऱ्याकडे जो रस्ता जातो, त्याला माथेरान रोड म्हणण्याचा प्रघात आहे. आणि माथेरानचे नाव निघाले की ह्यू पॉइंट्झ मॅलेट ह्याचे नाव निघायचेच. ठाण्याचा हा कलेक्टर १८५० च्या मे महिन्यात चौक गावाच्या बाजूने डोंगर चढून वर गेला आणि माथेरानचे भाग्य फळफळले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. (ठाकर, कातकरी त्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते, तेव्हा ‘शोध’ हा शब्द जरा बेतानेच वापरावा.) ह्या कलेक्टराच्या आईचा बाप चित्रकार होता, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

त्याचे नाव जेम्स वेल्स. मूळचा स्कॉटलंडातील पीटरहेडचा. १७९१ साली तो मुंबईस उतरला आणि पुढच्याच वर्षी पुण्यास गेला. संगमावर तेव्हा इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट राहत असे. त्याच्या वशिल्याने वेल्सला दरबाराची दारे उघडली. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस ह्यांचे त्याने काढलेले मोठे तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. महादजी शिंद्यांचीही तसबीर त्याने केली. नानांचा जो उभट, सुकलेला, सावध चेहरा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो, तो पुष्कळ अंशी ह्या स्कॉच माणसाचे देणे आहे.

पण त्याच्या पेशाचे खरे भांडवल विलायतेत निराळे होते. तेथील चित्रकार पोट भरीत ते तसबिरींवर, आणि नाव कमावीत ते बड्या घरच्या स्त्रियांच्या तसबिरींवर. १७६८ साली रॉयल अकादमी निघाली. तिचा पहिला अध्यक्ष जोशुआ रेनॉल्ड्स. १७८२ पासून त्याचा दर असा होता : नुसता मुखवटा पन्नास गिन्या, पुरती उभी तसबीर दोनशे. चेहरा तो स्वतः रंगवी. झगे, पडदे आणि फीत-झालरी पुष्कळदा हाताखालची माणसे करीत. फॅशन जुनी झाली तर चित्र हास्यास्पद दिसेल, म्हणून सरदारांच्या बायकांना तो ग्रीक-रोमन थाटाचा पोशाख चढवी. लेडी सारा बनबरी त्याच्या चित्रात देवतांपुढे होम करताना दिसते. प्रत्यक्षात ह्या बाईने होम कधी केला नसेल, हे सांगावयास नको! मौज अशी की ह्याच कुंचल्याने किटी फिशर नावाची गणिकाही क्लिओपाट्रा करून रंगविली. रेनॉल्ड्सच्या चित्रशाळेत सरदारीण आणि गणिका एकाच खुर्चीवर बसून गेल्या.

हे कसब घेऊन पुण्यास आलेल्या माणसाला बसवायचे कोणाला? शनिवारवाड्यातील स्त्रियांनी परक्या पुरुषासमोर, तोही गोरा, तासन्‌तास तोंड उघडे ठेवून बसावे, ही कल्पनाच असंभव. म्हणून पुण्याच्या त्या वैभवकाळाचे पुरुष आपण ओळखतो आणि बायकांची नुसती नावे जाणतो. अपवाद एक. वेल्सने अंबर कौर हिचे चित्र काढले. ही मॅलेटची बीबी. त्याच्या घरात राहणारी, त्याच्या मुलांची आई. संगमावरच्या बंगल्यात पडद्याचा नियम वेगळा होता, म्हणून ती कुंचल्यापुढे आली. ज्या घरात तिला पत्नीचे नाव नव्हते, त्याच घराने तिचा चेहरा राखला.

येथे १७९१ हे साल पुन्हा पाहण्याजोगे आहे. त्या वर्षी इंग्लंडात जॉर्ज रॉम्नी एका स्त्रीची चित्रे भराभर काढत होता. तिचे नाव एमा हार्ट. लोहाराची पोर, मोलकरीण म्हणून राबलेली, मग एकाची रखेल, आणि पुढे नेपल्सच्या दरबारातील इंग्रजांचा वकील सर विल्यम हॅमिल्टन ह्याच्या घरी आलेली. त्या सप्टेंबरात हॅमिल्टनने तिच्याशी लंडनात लग्न केले आणि एमा लेडी हॅमिल्टन झाली. त्याच साली पुण्याच्या वकिलाला बॅरोनेटची पदवी मिळाली. म्हणजे त्याची पत्नीही लेडीच होणार. आणि त्याच साली कंपनीच्या डायरेक्टरांनी ठराव केला की हिंदी आईच्या पोटच्या मुलास कंपनीच्या मुलकी, लष्करी किंवा आरमारी नोकरीत घेऊ नये.

दोघेही वकील, दोघांच्याही घरी लग्नावाचून राहिलेली स्त्री, दोघींचीही चित्रे झालेली. रॉम्नीच्या चित्रांनी एमाचे पूर्वायुष्य झाकले, असे म्हणतात. माझ्या मते चित्रांनी नव्हे, तिच्या गोऱ्या कातडीने ते झाकता आले. अंबर कौरचे चित्र कितीही सुरेख उतरले असते, तरी त्या ठरावापुढे रंगाचे काय चालणार?

वेल्स १७९५ मध्ये वारला. सवाई माधवरावही त्याच वर्षी गेले. लेण्यांची त्याने केलेली रेखाटने मॅलेटकडे राहिली, त्यांतून टॉमस डॅनियलने १८०३ साली वेरूळचा ग्रंथ सिद्ध केला. चित्रकाराची थोरली मुलगी सुसाना हिच्याशी मॅलेटने विलायतेस परतल्यावर १७९९ मध्ये लग्न केले. ज्या हाताने बीबी रंगविली, त्याच हाताची लेक लेडी मॅलेट झाली.

सुसानाला आठ मुलगे झाले. थोरला अलेक्झांडर बापाच्या पदवीचा वारस. आर्थर मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरीत चढत गेला. जॉर्ज ग्रेनव्हिल कंपनीच्या फौजेत होता. १८५६ साली इराणच्या मोहिमेत बुशहरजवळ पडला. ह्यू ठाण्याचा कलेक्टर झाला. ह्यांपैकी एकाच्याही आड १७९१ चा ठराव आला नाही. अंबर कौरच्या मुलाने अर्ज केला असता, तर तो पहिल्याच मेजावरून परत आला असता.